फॉइल : एका बोथट तलवारीची हकिकत
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून मी आजवर दोनदाच बोलले आहे. एकदा लोणच्याला बुरशी का धरते यावर, आणि एकदा शिवणवर्गाचा हिशेब वाचून दाखवताना. तेव्हा आज मी तलवारीवर बोलणार असे फळ्यावर वाचून पुष्कळजणींना हसू आले असेल. मलाही आले. 'फॉइल' म्हटले की आपल्याला डब्यातल्या पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागदच आठवतो. दोन वर्षांपूर्वी माझी नात शाळेतून आली आणि "आजी, मी फॉइल घेतलं," म्हणाली, तेव्हा मी तिला "किती मीटरचं?" असेच विचारले होते.

विषय निघाला तो एका अर्जावरून. आपल्या वस्तीतल्या नऊ मुली हा खेळ शिकतात. त्या जिथे सराव करीत ती जागा मालकाला हवी झाली, म्हणून आठवड्यातून दोन दुपारी आपले सभागृह मिळावे असा त्यांनी अर्ज केला. कार्यकारिणीत मते दोन्ही बाजूंनी पडली. "मंडळात हत्यारे कशाला?" असे एकीने विचारले, आणि ते विचारणे गैर नव्हते. मी काही या खेळातली जाणकार नव्हे, पण घरात तो दोन वर्षे नांदतो आहे. म्हणून मीच बोलावे असे ठरले.

मात्र बोलण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हांला ठरवता येईल. गेल्या वर्षी नातीची निवड चाचणीसाठी निवड झाली होती. तिचे आईवडील नोकरीनिमित्त परगावी, ती माझ्यापाशी राहते. संमतीपत्रावर पालक म्हणून सही माझी हवी होती. मी ती केली नाही. "उद्या डोळा गेला तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" असे म्हणाले आणि कागद परत तिच्या हातात दिला. पोरीने वाद घातला नाही. आपली लांबोडकी पिशवी माळ्यावर टाकली आणि अभ्यासाला बसली. चाचणीचा दिवस आला तसा गेला. भांडली असती तर मला बरे वाटले असते. त्या मुकाटपणाने मला चैन पडेना, आणि आपण ज्याला नाही म्हटले ते निदान आहे तरी काय, एवढे पाहावे म्हणून मी वाचायला लागले. जे वाचले, जे त्यांच्या शिक्षकांना खोदून खोदून विचारले, ते आज तुमच्यापुढे मांडते.

या खेळात हत्यारे तीन. एपे, सेबर आणि फॉइल. एपे जड, त्याचा स्पर्श डोक्यापासून पायापर्यंत कुठेही चालतो. सेबरला टोकाबरोबर धारेच्या बाजूनेही वार करता येतो, पण कमरेच्या वरच. फॉइल सर्वांत नाजूक. वजन अर्ध्या किलोच्या आत, म्हणजे आपल्या लाटण्यापोळपाटाहूनही हलके. पाते ९० सेंटिमीटर, कापडाच्या भाषेत जवळजवळ एक वार. त्याला धार नाही. टोकाला बोंडासारखे एक बटण. त्या टोकाचा स्पर्श फक्त धडावर झाला तरच गुण. हातावर, पायावर, मुखवट्यावर टोक लागले तर नुसते थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. आपला दांडपट्टा याच्या अगदी उलट. तो सगळा पात्याच्या फिरवण्याचा खेळ. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत मुली पट्टा फिरवतात तेव्हा भोवती वारा सुटतो. इथे मनगट इंचभर हलते, आणि काय झाले ते आपल्याला दिव्यावरून कळते.

हे हत्यार युद्धासाठी कधी नव्हतेच. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समधले सरदार कमरेला हलकी टोकदार तलवार लावीत आणि मानापमानावरून द्वंद्वे लढत. ती शिकायची तर शिष्य मरता कामा नयेत, म्हणून सरावासाठी हे बोथट पाते निघाले. टोकावरचे बोंड फुलाच्या कळीसारखे दिसे, म्हणून फ्रेंच लोक त्याला 'फ्लरे' म्हणतात. त्यांच्या भाषेत 'फ्लर' म्हणजे फूल. थोडक्यात, ही पहिल्यापासून शाळेतली तलवार आहे.

आता मला सर्वांत आवडलेला नियम. समजा दोघींचे टोक एकाच वेळी एकमेकींना लागले. गुण कोणाला? फॉइलमध्ये उत्तर असे, की जिने आधी हात पुढे काढून चाल केली तिचा हक्क पहिला. दुसरीने आधी आपल्या पात्याने तिचे पाते बाजूला सारायचे, मग उलट वार करायचा. तो हक्क आता तिचा. मग पहिलीने तो वार अडवायचा, आणि असे पुढे. पंच हा सगळा क्रम एखादे वाक्य वाचावे तसा वाचतो, आणि खरोखरच त्या देवघेवीला ते लोक 'वाक्य' असेच म्हणतात. एकीचे म्हणणे पुरे होऊ द्यायचे, त्याला उत्तर द्यायचे, मग आपले मांडायचे. आपल्या वार्षिक सभेत हा नियम लावला तर किती जणींना गुण मिळतील, हा प्रश्न मी इथे काढत नाही.

पण हा नियम केवळ सभ्यपणापायी झालेला नाही. त्या काळी सराव उघड्या तोंडाने चाले. दोघेही एकदम धावले तर डोळा जाई. शिवाय खऱ्या द्वंद्वात समोरून पाते येत असताना आपला जीव न वाचवता नुसते भोसकायला जाणारा माणूस शहाणा नव्हे. तेव्हा शिकवतानाच ती खोड मोडायची होती. पुढे १७८० च्या सुमारास पॅरिसच्या ला बोएसिएर नावाच्या उस्तादाने तारेच्या जाळीचा मुखवटा प्रचारात आणला. मुखवटा आल्यावर चेहऱ्याजवळचे जलद डावपेच निर्भयपणे खेळता येऊ लागले, आणि खेळ पालटला. नियम मात्र राहिला.

या उस्तादाचा एक शिष्य शेव्हालिए द सें-जॉर्ज. ग्वादलूप बेटावर जन्मलेला. आई आफ्रिकन वंशाची गुलाम, बाप फ्रेंच मळेवाला. तो युरोपातला नामांकित तलवारबाज झाला, आणि व्हायोलिनवादक व संगीतकार म्हणूनही गाजला. १७८७ साली लंडनमध्ये, प्रिन्स ऑफ वेल्सच्या समोर, त्याची लढत झाली ती शेव्हालिए देऑन यांच्याशी. हे देऑन पूर्वीचे फ्रेंच घोडदळाचे अधिकारी आणि राजाचे हेर. १७७७ पासून राजाच्या हुकमाने ते स्त्री म्हणून वावरत होते. त्या सामन्याचे चित्र आजही पाहायला मिळते. काळा पायघोळ झगा, डोक्यावर पांढरी टोपी, वय साठीकडे झुकलेले. आणि तरीही त्यांनी सतरा-अठरा वर्षांनी लहान असलेल्या सें-जॉर्जला मागे टाकले. देऑन स्त्री की पुरुष यावर पूर्वी लंडनमध्ये पैजा लागल्या होत्या. मला मात्र त्या पैजांपेक्षा तो झगा सांभाळून टाकलेली पावले पाहायला आवडली असती. नऊवारी नेसून फुगडी घालणाऱ्या बाईला त्याचे मोल कळेल.

आता आपल्याकडे, म्हणजे बायकांकडे येते.

नव्या ऑलिंपिकचा पहिला मेळा १८९६ साली अथेन्सला भरला. त्यात तलवारबाजी होती, स्त्रिया नव्हत्या. त्यांना या खेळाचे दार उघडले ते १९२४ साली पॅरिसला, आणि तेही फॉइलपुरते. डेन्मार्कची एलेन ओसिएर ही ३३ वर्षांची विवाहित बाई तिथे १६ लढती लढली आणि १६ च्या १६ जिंकली. तिचा नवराही तलवारबाज होता, सात ऑलिंपिकांत खेळला. सुवर्णपदक मात्र घरात तिनेच आणले.

दार उघडले म्हणजे पूर्ण उघडले असे नव्हे. फॉइलची सांघिक स्पर्धा स्त्रियांना १९६० साली रोमला मिळाली. एपे मिळायला १९९६ उजाडले, सेबर मिळायला २००४. म्हणजे ७२ वर्षे ऑलिंपिकात बाईच्या हाती एकच तलवार, सर्वांत हलकी. त्यातही कितीतरी वर्षे पुरुषांची लढत पाच स्पर्शांची आणि बायकांची चारच. का, तर दमतील म्हणून! पहाटे चारला उठून घागरी भरणाऱ्या बाईला ही काळजी कोणी कधी दाखवली नाही, पण ते असो.

फॉइलच्या या इतिहासात एक प्रसंग असा आहे की तो वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. हेलेन मायर ही जर्मन मुलगी. बाप ज्यू डॉक्टर, आई ख्रिस्ती. १९२८ साली आम्स्टरडॅमला तिने सुवर्णपदक मिळवले तेव्हा ती १७ वर्षांची होती, आणि सगळा जर्मनी तिच्यावर लुब्ध होता. १९३२ च्या स्पर्धेनंतर ती शिकायला अमेरिकेत राहिली. इकडे १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, आणि ज्या गावच्या क्लबात ती वाढली त्याने तिचे नाव यादीतून काढले. मग १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक आले. ज्यूंना वगळाल तर आम्ही येणार नाही, अशी चळवळ अमेरिकेत जोरात होती. तेव्हा दाखवण्यापुरते म्हणून हेलेनला बोलावले. ती गेली. आई आणि भाऊ जर्मनीतच होते.

अंतिम फेरीत हंगेरीची इलोना एलेक पहिली आली, हेलेन दुसरी, ऑस्ट्रियाची एलेन प्राइस तिसरी. आणि गंमत म्हणा की नियतीचा टोला म्हणा, एलेकचे वडीलही ज्यूच. पदक घेताना हेलेनने हात पुढे करून नाझी सलाम केला. तो फोटो अजून छापला जातो. काहीजण म्हणतात, तिने घरच्यांचा जीव राखला. काही म्हणतात, तिला फक्त पुन्हा जर्मनीची लाडकी व्हायचे होते. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि मला अजून ठरवता आलेले नाही. ती अमेरिकेला परत गेली, १९३७ ची जागतिक स्पर्धा जिंकली, तिथे शिकवत राहिली. १९५२ साली जर्मनीत परतून तिने लग्न केले आणि पुढच्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली. अवघी ४२ वर्षांची होती.

आणि तिला हरवणारी एलेक? मधे महायुद्ध झाले, दोन ऑलिंपिक बुडाली. युद्ध संपल्यावर १९४८ साली लंडनला ती पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा सुवर्णपदक जिंकली. तेव्हा ती ४१ वर्षांची होती. १९५२ साली ४५ व्या वर्षी तिने रौप्यपदक मिळवले. गुडघे दुखतात म्हणून सहलीला न येणाऱ्या भगिनींकडे मी मुद्दाम पाहत नाही, कारण त्यांत मीही आहे.

दुसरी एक हकिकत सुखाची आहे. इटलीत येसी नावाचे एक लहान शहर आहे, आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. तिथला एत्सिओ त्रिकोली हा माणूस दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेत युद्धकैदी होता. कैदेत तो तलवारबाजी शिकला, आणि घरी आल्यावर १९४७ साली त्याने गावात क्लब काढला. पुढे त्या एका गावातून जोव्हाना त्रिल्लिनी आली, व्हॅलेंतिना वेत्साली आली, एलिसा दि फ्रान्सिस्का आली. १९९२ ते २०१२ या काळात सहा ऑलिंपिके झाली. स्त्रियांच्या वैयक्तिक फॉइलची सहापैकी पाच सुवर्णपदके येसीच्या मुलींनी नेली. त्यांतली लागोपाठ तीन, २०००, २००४ आणि २००८ ची, एकट्या वेत्सालीची. २००५ साली तिला मुलगा झाला. तो चार महिन्यांचा असताना ती जागतिक स्पर्धेत उतरली आणि जिंकली. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू तिला कोणी दिले होते की नाही, ते वाचण्यात आले नाही.

हे सगळे खरे, पण माझी भीती डोळ्याची होती. तिचे काय? मी शिक्षकांना सरळ विचारले, आणि त्यांनी काही लपवले नाही. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत रशियाचा व्लादिमिर स्मिर्नोव फॉइल खेळत होता. दोन वर्षांपूर्वीचा ऑलिंपिक विजेता. समोर जर्मनीचा माथियास बेर. दोघे एकदम पुढे आले, बेरचे पाते मोडले, आणि मोडक्या पात्याचे टोक मुखवट्याची जाळी फोडून स्मिर्नोवच्या डोळ्यातून आत गेले. काही दिवसांनी तो वारला. बेरचा यात दोष नव्हता, तरी त्या दिवसाचे ओझे पुढे कित्येक वर्षे उतरले नाही असे त्याने स्वतःच सांगितले आहे.

हे ऐकल्यावर मी म्हटले, म्हणजे मी सही केली नाही ते बरोबरच! शिक्षक म्हणाले, पुढे ऐका. त्या मृत्यूनंतर सारे साहित्यच बदलले. मोठ्या स्पर्धांत पाती चट्कन न तडकणाऱ्या खास पोलादाची लागतात. मुखवट्याची जाळी अधिक मजबूत झाली आणि १२ किलोच्या दाबाच्या टोच्याने ती तपासली जाते. अंगातल्या जाकिटाचे कापड ८०० न्यूटनचे, म्हणजे एका टोकावर सुमारे ८० किलोंचा भार सोसणारे. आणि मुखवट्याखाली गळ्यावर येणारी पट्टी त्याच्या दुप्पट. मुलींना छातीवर आतून कठीण कवच घालणे सक्तीचे आहे. मी शिवणकाम करणारी बाई. मी ते जाकीट उलटे करून शिवणी पाहिल्या. काखेत, जिथे पाते घुसण्याचा धोका जास्त, तिथे शिवण येऊच दिलेली नाही, आणि आतून निराळी दुहेरी बंडी घालायची. ज्याने बेतले त्याला काम कळत होते.

त्याच्यावर एक आणखी बंडी असते, ती मात्र पाहण्यासारखी. चंदेरी. तिच्या कापडात धातूची तार विणलेली असते; आपल्या भाषेत जरीचीच म्हणा ना. पूर्वी चार पंच डोळ्यांत तेल घालून पाहत, टोक लागले की नाही ते सांगत, आणि भांडणे होत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपासून फॉइलला वीज आली. टोकाचे बटण अर्ध्या किलोच्या जोराने दाबले गेले की यंत्राला कळते. ते जरीच्या बंडीवर दाबले गेले तर लाल किंवा हिरवा दिवा, बाहेर कुठे लागले तर पांढरा. पांढऱ्याला गुण नाही. तार बाहीतून पाठीमागे जाऊन चरकाला जोडलेली. करंट अगदी बेताचा असतो, हेही मी विचारून घेतले आहे. घामाने ती जर काळी पडते, म्हणून कोमट पाण्यात हलक्या हाताने बुडवून, न पिळता, सावलीत वाळवावी लागते. ते काम माझे आहे. माझ्या पैठणीला मी इतके जपलेले नाही.

आपल्या देशात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९७४ साली स्थापन झाली, पण ऑलिंपिकपर्यंत पोचायला २०२१ उजाडावे लागले. त्या वर्षी टोकियोला चेन्नईची भवानी देवी उतरली, हत्यार सेबर. या खेळात ऑलिंपिक गाठणारी ती पहिली भारतीय, पुरुषही तिच्याआधी कोणी नाही. शाळेत बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या म्हणून ती याच्याकडे वळली, आणि सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांवर केला. तिच्या शिक्षणासाठी आईने दागिने गहाण ठेवले होते. टोकियोला पहिली लढत तिने १५-३ अशी जिंकली, दुसरी फ्रान्सच्या खेळाडूपुढे हरली. त्या आईने कागदावर सही करताना काय विचार केला असेल, हे मला विचारायला आवडेल.

आमच्या घरची गोष्ट अशी, की पिशवी मी स्वतः स्टुलावर चढून माळ्यावरून काढली. नातीला म्हटले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी आहे परत." पण ते वर्ष गेले ते गेलेच, त्या वेळी जिची निवड झाली ती मुलगी आज शिबिरात आहे, आणि आमची घरी आहे. यंदाचे संमतीपत्र आले, त्यावर मी सही केली आहे. हात थोडा कापला.

आता सभागृहाचे. खेळाची पट्टी १४ मीटर लांब लागते, म्हणजे सुमारे ४६ फूट, आणि रुंदी दीड ते दोन मीटर. आपले सभागृह मी शिवणाच्या टेपने मोजले. ३८ फूट भरले. मागचे दार उघडून व्हरांडा धरला तर ४८ होतात. फरशीला काही होत नाही, कारण बूट रबरी तळाचे असतात. खिडकीच्या काचांचा संबंध नाही, कारण हवेत काही भिरकावायचे नसते. भजनी वर्ग सोमवार-गुरुवार आणि शिवणवर्ग बुधवारी, तेव्हा मंगळवार व शुक्रवार मोकळे आहेत. मुली साडेचारला येतील, सहाला झाडून जातील. सर्व साहित्य त्यांच्या शिक्षकांच्या ताब्यात कुलपात राहील, इथे काही ठेवायचे नाही.

अडचण एकच आहे, आणि ती व्हरांड्याची. तिथे मंगळवारी कुरडया वाळत असतात. त्या कोणाच्या ते मी सांगत नाही, पण त्या भगिनींनी खाटा जरा जिन्याकडे सरकवून घेतल्या, तर अर्ज आजच्या सभेतच निकालात निघेल.